बागेतून 'रस्ता हक्क' : साडेपाच लाखांना लागलेला चुना

५,५०,००० रुपये. विसार ५१,०००, 'रस्ता हक्का'चे ४,७५,००० आणि 'महापालिकेतला खर्च' म्हणून रोख २४,०००. प्लॉटची किंमत वेगळी. प्लॉट जागेवर आहे, त्यात जायला वाट तेवढी नाही. आमचे हे पैसे गेले ते सार्वजनिक बागेतून जाणाऱ्या १२ फुटी रस्त्यापायी.

पुढे विक्रेत्याची स्वतःची जागा, मागचा तुकडा विकायला काढलेला, बाजूला बाग. असे व्यवहार पाहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. विक्रेत्याकडे उद्यान विभागाचं पत्र होतं, आणि ते बनावट नव्हतं, हेच जास्त झोंबतं. जावक क्रमांक खरा, गोल शिक्का खरा, कोपऱ्यातली लघुस्वाक्षरी खरी. जावक नोंदवहीत क्रमांक तपासला होता, तेव्हा डोळे मिटून पैसे दिले असं कुणी म्हणू नये. पण हातात आलेल्या झेरॉक्सच्या तळाशी बारीक अक्षरांत 'पान १/२' छापलेलं होतं. शेवटची ओळ होती, 'खालील अटींस अधीन राहून ये-जा करण्यास परवानगी देण्यात येत आहे' आणि त्याखाली कोरा कागद! अटी कुठे आहेत, अधिकाऱ्याची पूर्ण सही कुठे आहे, एवढं विचारलं असतं तरी सगळं तिथेच थांबलं असतं. पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा नजर '१२ फूट' या शब्दांवरच खिळली.

पत्र दोन्ही पानांसकट दिलं असतं तरी तो हक्क नव्हताच. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ (दुसऱ्याच्या जागेतून वाट वगैरे हक्कांचा कायदा) च्या कलम ५२ मध्ये 'परवाना', म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी, वेगळा सांगितला आहे, आणि कलम ६० प्रमाणे देणारा तो सहसा केव्हाही काढून घेऊ शकतो. कायमचा हक्क द्यायचा तर महापालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे मंजुरी लागते. उद्यान अधीक्षकाच्या सहीने बागेची इंचभर जागाही कुणाची होत नाही. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. ते वाटप सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये टिकू दिलं नाही. पत्र दाखवलं की आधी महापालिकेच्या मंजुरीचा ठराव क्रमांक मागा.

विक्रेता दुसरंही सांगायचा, 'पूर्वापार वहिवाट आहे'. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १५ ला वीस वर्षांचा अखंड वापर लागतो, सरकारी जागेला ३०, आणि तोही हक्काने केलेला. परवानगी मागून वापरलेली वाट त्यात धरतच नाहीत. म्हणजे पत्र आणि वहिवाट या दोन गोष्टी एकमेकींना खोडतात. दोन्ही एका दमात सांगणारा माणूस खोटं बोलतोय, हे इतकं सरळ होतं.

खरी मेख त्याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आहे. मालकाने आपल्याच जागेचा मागचा भाग विकला आणि त्याला दुसरी वाट नसेल, तर गरजेपोटीची वाट त्याच्याच उरलेल्या पुढच्या जागेतून निघते. महापालिकेवर तो बोजा येत नाही, तिने थोडाच हा तुकडा विकलाय? आपली पुढची जागा मोकळी राहावी म्हणून त्याने लोकांची बाग आम्हाला विकली. वकिलाने हे दहा मिनिटांत सांगितलं, पण खरेदीनंतर.

'रस्ता हक्का'चा करारनामा ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर, नोटरीपुढे. कारण काय, तर 'खरेदीखतात घातलं तर ड्युटी वाढेल'. १०० रुपये वा त्याहून जास्त किमतीचा स्थावरातला हक्क नोंदणीशिवाय मिळत नाही. रस्ता खरेदीखतात नाही म्हणजे रस्ता नाही. चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते, मोठ्याने वाचून घ्या. आमच्या खतात 'दक्षिणेस : सार्वजनिक उद्यान' असं आमच्याच सहीखाली लिहिलेलं आहे. मंजूर उपविभागणीचा नकाशाही मागा, पोचरस्ता त्यात आखलेला असतो.

आता कार्यालयांचं. उद्यान विभाग म्हणतो मालमत्ता विभागाकडे जा. मालमत्ता म्हणतं नगररचना. नगररचना म्हणते प्लॉटला रस्ता नाही, बांधकाम परवानगी नाही, बाकी तुमचं तुम्ही बघा. तहसीलला जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज केला. ते शेताच्या बांधावरून वाट देण्यापुरतं आहे, हे सांगायला त्यांना तीन तारखा लागल्या. दुय्यम निबंधक म्हणाले, 'आम्ही दस्त नोंदवतो, रस्ता बघत नाही.' पोलीस ठाण्याने दीड ओळीत वाटेला लावलं, 'प्रकरण दिवाणी स्वरूपाचे'. पान लपवून पैसे घेणं ही फसवणूकच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. ठाण्यात घेत नसतील तर तक्रार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे पाठवा, पोचपावती जपा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी.

माहिती अधिकारात १० रुपये भरले तेव्हा पान दोन मिळालं. परवानगी ६० दिवसांची, फक्त बांधकाम साहित्य नेण्यासाठी, अनामत १०,०००. मागे जोडलेल्या पावतीवर अनामत परत मिळाल्याची विक्रेत्याची सही आहे, आणि ती तारीख आमच्या विसारपावतीच्या चार महिने आधीची.