गुडघ्याला बर्च तेल की निलगिरी?

खानापूरच्या पावसात गुडघे धरतात, कोणतं तेल आणू, असं आक्कांनी विचारलंय. निलगिरी स्वस्त, बेळगावात औषध दुकानात सहज मिळतं. बर्च, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका झाडाच्या सालीचं तेल, मागवावं लागतं, महागही पडतं. पण ‘गोड बर्च’ या जातीच्या तेलात 90 टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट (दुखण्याच्या मलमांतलं औषध) असतं, वासही थेट दुखण्याच्या मलमाचा. ठणक्यावर तेच सरस. मात्र ते अ‍ॅस्पिरिनचं भावंड: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर नकोच. चमचाभर खोबरेलात 2 थेंब, बास. चोंदलेलं नाक, लादी, कपाटाचा कुबट वास याला निलगिरी. पोटात दोन्ही विषारी, पोरांपासून लांब ठेवा. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ वगैरे लेबल वाचूच नका.

आक्का, तुमची अ‍ॅस्पिरिन चालू आहे, निलगिरीच घ्या. गोळ्या नसलेल्या, शेतात कंबर धरणाऱ्या भावोजींना बर्च चालेल.