नळीवाली भट्टी आणि नायट्रोजनची काच: दीड वर्षाच्या वापरानंतर

1200 अंशांपर्यंत जाणारी ही क्वार्ट्झ नळीची ट्यूब फर्नेस मी दीड वर्ष जवळजवळ रोज वापरते आहे. काम एकच. यिट्रियम-ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या ऑक्सिनायट्राइड काचा (ज्यांत ऑक्सिजनच्या काही जागा नायट्रोजनने घेतलेल्या असतात) नायट्रोजनमध्ये तापवायच्या आणि त्यांत स्फटिक कधी धरतात ते बघायचं. (या काचा वितळवायला 1700 अंशांच्या आसपासची दुसरी भट्टी लागते, ती वेगळी.) तापमान सांभाळण्यात हिला पैकीच्या पैकी गुण देते. हवा बाहेर ठेवण्यात मात्र ही कच्ची आहे, आणि त्यापायी मी साफ उलटा निष्कर्ष लिहिणार होते.

आधी चांगलं सांगते. आधी स्फटिकांची बीजं धरू द्यायची, मग तापमान चढवून ती वाढवायची, हा दोन टप्प्यांचा कार्यक्रम कंट्रोलर न चुकता पार पाडतो. पाच-पाच तास तापमान एका अंशापेक्षा जास्त हलत नाही. फक्त पडद्यावरचा आकडा नळीबाहेरच्या थर्मोकपलचा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचा, असतो. माझ्या नमुन्यापाशी प्रत्यक्ष तापमान त्यापेक्षा 11 अंशांनी कमी भरलं. बीजं धरण्याचा पट्टा अरुंद असतो, त्यामुळे आत स्वतंत्र थर्मोकपल घालाच.

आता गळती. काचेच्या जाळ्यात ऑक्सिजन दोन सिलिकॉनना जोडतो, नायट्रोजन तिघांना. जाळं घट्ट होतं, काच मऊ पडायला जास्त तापमान लागतं (माझ्या काचांत नायट्रोजनच्या प्रत्येक टक्क्यामागे दोनेक अंश), आतले आयन जडपणे सरकतात. म्हणजे स्फटिक उशिरा यायला हवेत. माझ्याकडे घडत होतं उलटंच: नायट्रोजन जास्त असलेल्या नमुन्यांवर पांढरं कवच सर्वांत आधी यायचं. दोन महिने मी नायट्रोजन स्फटिकीकरणाला चालना देतो असं धरून चालले होते.

मग एक नमुना मधोमध कापून पॉलिश केला. कवचाखाली बुडबुड्यांची रांग आणि आतली काच जशीच्या तशी. आत शिरलेल्या ऑक्सिजनने पृष्ठभागावरचा नायट्रोजन हुसकून लावला होता, तो वायू होऊन फुगला होता, आणि मागे उरलेली ऑक्साइडची कातडी स्फटिकत होती. मी नायट्रोजनचा नव्हे, भट्टीच्या गळतीचा परिणाम मोजत होते!

दोष फ्लँजच्या (नळीच्या टोकावरच्या धातूच्या झाकणाच्या) ओ-रिंगचा, म्हणजे हवाबंद करणाऱ्या रबरी कड्याचा, निघाला. सोबत आलेल्या रिंगा उष्णतेने कडक होतात. विक्रेत्याला तीनदा लिहिलं, तर नायट्रोजनचा सिलिंडर बदला एवढंच उत्तर आलं. शेवटी व्हिटॉनच्या (उष्णता सोसणाऱ्या रबराच्या) रिंगा बसवल्या आणि फ्लँज थंड राहावा म्हणून नळीच्या तोंडाशी सिरॅमिकचे अडसर ठेवले. आता नमुन्याशेजारी टायटॅनियमचा एक तुकडा असतोच. तो सोनेरी निघाला तर नायट्रोजन स्वच्छ, राखाडी-पांढरा निघाला तर त्या दिवसाचा नमुना बाद.

त्यानंतरचे निकाल एकमेकांशी जुळतात. काचेतला नायट्रोजन वाढवला की स्फटिकीकरणाचं शिखर, म्हणजे ते सर्वांत जोरात होतं ते तापमान, वर सरकतं. मला सर्वांत मोलाचं वाटलं ते पुढचं: नायट्रोजन सामावून न घेणारे स्फटिक वाढू लागले की तो उरलेल्या काचेत साठत जातो, ती काच आणखी घट्ट होते, आणि वाढ हळूहळू स्वतःच मंदावते. हे दिसायला आतलं वातावरण तासन्‌तास स्वच्छ लागतं.

नळीबद्दलही सावध करते. क्वार्ट्झची नळी म्हणजे शेवटी काचच. 1100 च्या वर सतत ठेवली तर तिच्यातच क्रिस्टोबलाइट (सिलिकाचा एक स्फटिक) धरतं, आणि बोटांच्या ठशातलं सोडियम त्याला घाई करतं. माझी पहिली नळी जिथे उघड्या हाताने धरली होती तिथेच दुधाळ झाली आणि थंड होताना तिचे पापुद्रे निघाले. हातमोजे घाला, अल्कोहोलने पुसून घ्या.

ऑक्साइड काचांसाठी ही भट्टी डोळे मिटून घ्या. नायट्रोजनच्या काचांसाठी घेणार असाल तर रिंगा पहिल्याच दिवशी बदला. नमुना टाकण्याआधी टायटॅनियमचा तुकडा एकटाच 1000 अंशांवर तापवून त्याचा रंग बघा.