लॅब प्रिंट, बरायटा की कॉटन मॅट? सह्याद्रीचा फोटो भिंतीवर लावण्याआधी

पावसाळ्यात हरिश्चंद्रगड करून आलं की पाच-सहाशे फोटो जमतात आणि त्यातला एखादा भिंतीवर लावावासा वाटतो. तो नेहमीच्या लॅबमधून लस्टर, म्हणजे किंचित चकाकीच्या, कागदावर काढायचा, की पिगमेंट शाईचा (रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा) इंकजेट प्रिंट घ्यायचा? इंकजेटच घ्यायचा, तर बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या, चकाकी असलेल्या बरायटा कागदावर की कॉटनच्या मॅटवर, म्हणजे बिनचकाकीच्या कागदावर? कोकणकड्यावरचा पहाटेचा एकच फोटो मी तिन्हींवर १२ बाय १८ इंचांत काढला आणि महिनाभर शेजारी शेजारी लावून ठेवला. वर काळाकभिन्न कातळ, खाली दरीत तुडुंब भरलेलं धुकं.

बहुतेक लॅबचा कागद आजही चांदीच्या क्षारांचाच असतो. त्यावर लेझरनं प्रतिमा उमटवतात आणि तो रसायनांतून काढतात. प्रिंट स्वस्त पडतो, लवकर मिळतो आणि अल्बमसाठी किंवा भेट द्यायला अगदी पुरेसा असतो. पण सावध राहा. पहिल्या खेपेला लॅबच्या ऑटो करेक्शननं धुक्यातली निळी झाक दोष समजून पुसून टाकली. माझी पहाट गेली आणि हातात पडली कुठलीतरी दुपार! तेव्हापासून ऑर्डर देताना ‘करेक्शन करू नका’ हे मी लिहूनच देते. फाइलही बहुतेक ठिकाणी एसआरजीबीमध्येच, म्हणजे स्क्रीनच्या नेहमीच्या प्रमाणित रंगपद्धतीतच, मागतात.

खरी निवड इंकजेटच्या दोन कागदांत आहे. खर्च लॅबच्या कित्येक पट, म्हणून ती विचारपूर्वक करावी. फरक मुख्यतः काळ्या रंगाचा. मॅट कागदाचा सर्वांत गडद काळासुद्धा साधारण दोन टक्के उजेड परत पाठवतो. चांगला बरायटा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. त्यामुळे बरायटावर ओल्या कातळातली एकेक भेग दिसते, खडकावरून ओघळणारं पाणी चमकतं. मात्र समोर खिडकी असेल तर फोटोऐवजी खिडकीच दिसते.

मॅटवर, म्हणजे हानेम्यूलेच्या ३०८ ग्रॅमच्या फोटो रॅगसारख्या कागदावर, तोच कातळ कोळशासारखा मवाळ होतो. पण धुकं! ते कागदाच्या पोतात मुरतं. कुठे संपतं आणि कोरा कागद कुठे सुरू होतो, कळत नाही. चकाकी नसल्यामुळे कुठूनही बघा, चित्र तेच. नखाचा ओरखडा मात्र लगेच उठतो, तेव्हा हाताळताना जपावं लागतं. पाहुण्यांनी बरायटाचं कौतुक केलं. महिन्याच्या शेवटी मी ठेवला तो मॅट, कारण त्या फोटोचा जीव धुक्यात होता. तोच फोटो कड्याचा असता, तर बरायटा घेतला असता.

इथेच फोटोची पारखही होते. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, म्हणून भडक रंग तिथे खपून जातात. कागदावर ते उघडे पडतात. कास पठारावरच्या सोनकीचा माझा एक फोटो मोबाइलवर सगळ्यांना आवडला होता. प्रिंटमध्ये पिवळ्याचा नुसता थर दिसला, पाकळ्या दिसेनात. रंग उतरवून पुन्हा काढला तेव्हा पाकळ्या परत आल्या, पण फोटोत बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं, हेही तेव्हाच कळलं. हिरव्याचं तसंच. श्रावणातल्या डोंगरात पोपटी, शेवाळी, काळपट असे किती हिरवे असतात! ते सगळे एक झाले, तर कुठलाच कागद तो फोटो वाचवत नाही. मी प्रिंट उलटा धरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बघते. ओळखीची जागा ओळखू येईनाशी होते आणि उजेड-अंधाराची मांडणी तेवढी उरते. ती लंगडी असेल, तर मोठा प्रिंट काढत नाही.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर कागद कोणताही घ्या, काच आणि प्रिंट यांच्यामध्ये माउंट, म्हणजे कडेनं पुठ्ठ्याची चौकट, हवाच. दमट हवेत प्रिंट काचेला चिकटतो आणि मग निघताना शाईसकट निघतो.

मोठी ऑर्डर देण्याआधी फोटोतला सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भाग येईल अशी चार इंची पट्टी काढून घ्या, आणि संध्याकाळी ज्या भिंतीवर लावायचं त्याच भिंतीवर, घरच्याच दिव्यात बघा. माझ्या पट्टीत कड्याखालची झाडी पार काळी झाली होती. फाइलमधल्या सावल्या थोड्या उजळल्या, दुसरी पट्टी काढली, तेव्हा तिथल्या कारवीची पानं दिसली.