फेट कोलिजन लॅब: तिरकस टकरींसाठी झकास, पण भिंती बंद करा

कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचं हे सिम्युलेशन मोफत आहे. द्विमितीय पडद्यावर दोन्ही चेंडू ०.५ किग्रॅचे, लवचीकता १००% (म्हणजे टकरीत गतिज ऊर्जा वाया जात नाही). दुसरा स्थिर, रेषेपासून जरा बाजूला. पहिला १ मी/से वेगाने सोडा. तो ३०° वळला तर त्याचा वेग ०.८७, दुसऱ्याचा विरुद्ध बाजूला ६०° वर ०.५०. टकरीआधीचा आणि नंतरचा एकूण संवेग (वस्तुमान × वेग) सारखाच राहतो, हे ताडायला वस्तुमान समान असल्याने नुसते वेगाचे घटक पुरतात: क्ष-दिशेत ०.७५ + ०.२५ = १, य-दिशेत ०.४३ − ०.४३ = ०. मुलं थेट ०.८७ + ०.५० करतात आणि तिथेच फसतात. संवेगाची आकृती चालू ठेवा, बाणांची बेरीज दिसते. परावर्तक कडा मात्र बंदच. भिंतीवर आपटलं की चेंडूंचा एकूण संवेग बदलतो. लवचीकता घटवली की टकरीनंतर दोन चेंडूंच्या मार्गांमधला ९०° चा कोन अरुंद होतो, हे जरूर पाहा. फिरकीची सोय नाही. कॅरमशी ताळा जुळणार नाही, स्ट्रायकर सोंगटीहून जड असतोच.