शिवकालीन होन म्हणून 2,70,000 रुपये घालवले

तीन आठवडे झाले, अजून संताप जात नाही. सहा 'होन', म्हणजे शिवाजी महाराजांची सोन्याची नाणी, एकेक 45,000 रुपयांना. 20,000 यूपीआयने दिले, 2,50,000 रोख. मागच्या खोलीच्या स्लॅबसाठी मोडलेली ठेव होती ती. घरात कुणाशी नजर मिळवता येत नाही.

मी नवखा नाही. अकरा वर्षं तांब्याची 'शिवराई' नाणी जमवतोय. होनावर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. म्हणूनच जास्त लागतंय.

"आमचा जुना वाडा पाडताना भिंतीत पूर्वजांचं गाडगं सापडलं", ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. पहिला होन विकणाऱ्याने दोन दिवस माझ्याकडे ठेवायला दिला. सराफाने कसाला लावला, सोनं निघालं. तिथेच मी फसलो. सराफ सोनं सांगतो, नाण्याचं वय सांगत नाही. आज पाडलेला सोन्याचा होनही कसाला उतरणारच! सौद्याच्या दिवशी तो पहिला होन "सगळे एकत्र मोजू" म्हणून परत घेतला आणि सहांची पुडी हातात दिली. तपासलेलं नाणं हातातून सोडू नका.

आता जे आठवून रात्री झोप लागत नाही ते सांगतो. चहाच्या टपरीवर सहाही होन मी रुमालावर ओळीने मांडले. सहाहींची कड 'श्री'च्या वर एकाच जागी चेपलेली. तीच खोच, तेवढीच. मी बघितलं, विचारलंही. "एकाच ठशातले आहेत दादा." आणि मी मान डोलावली! ठसा एक असेल, पण सोन्याची चकती आणि हातोड्याचा घाव दर वेळी वेगळा. हाताने ठोकलेल्या नाण्यांत कुठे अक्षर कडेबाहेर जातं, कुठे बिंदूंची कड अर्धीच उमटते. कडेची खोच सहा ठिकाणी जुळली म्हणजे एकाच नाण्यावरून साचा काढून ओतकाम केलेलं. हे मीच इतरांना शिकवत आलोय. पण "पुण्याचा व्यापारी तासाभरात येतोय" म्हटल्यावर डोकं चाललं नाही.

वजन बरोबर होतं, जाडी बरोबर नव्हती. सोन्याची घनता 19.3, तांब्याची 9 च्या आत. घेर आणि वजन तेच ठेवायचं तर तांब्याचं नाणं दुपटीने जाड करावं लागतं. वजनकाट्याबरोबर जाडी मोजायचं व्हर्निअर न्या. मी घरी येऊन कानस लावली, खाली लाल तांबं.

पोलीस ठाण्यात काय झालं? पहिल्या दिवशी, "हद्द आमची नाही." दुसऱ्या ठाण्यात, "तुम्ही राहता तिकडे जा." झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार, म्हटल्यावर साहेब उखडले. 1878 चा निखात निधी कायदा काढून, "सापडलेला खजिना कलेक्टरला न कळवता घेत होतात, तुमच्यावरच गुन्हा लावू का?" म्हणे. अहो, खजिना कुठाय? तांबं आहे ते! आणि मला घरचा वारसा म्हणून सांगितलं होतं. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला तर 20,000 ची नोंद झाली, रोख रकमेला पुरावा विचारतात. रोख देऊच नका. विकणाऱ्याचा फोटो, आधार, लेखी पावती, नाही दिली तर उठा.

लेखी अर्ज चार वेळा नेलाय. कालही ठाणे अंमलदाराने तो टेबलावर ठेवून घेतला, पोच मागितली तर "उद्या या." सहाही तुकडे मी जपून ठेवलेत, उद्या पुन्हा घेऊन जाणार आहे.