बीटा ब्लॉकरचे 8 महिने: धडधड थांबली पण बोटं पांढरी पडली

अटेनोलॉल 50 ही बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग आणि जोर कमी करणारी गोळी, रोज सकाळी एक, 8 महिने घेतली. बीपी आणि धडधड दोन्हीसाठी होती आणि ते काम तिने चोख केलं, नाडी 95 वरून 62 वर आली, रात्रीची झोप परत मिळाली.

तक्रार बोटांची आहे. चौथ्या महिन्यापासून फ्रीजमधली बाटली काढली की उजव्या हाताची दोन बोटं टोकापासून पेरापर्यंत पांढरीफटक, मग निळसर, आणि दहा मिनिटांनी रक्त परत आलं की लालबुंद आणि असा ठणका की हातातलं खाली ठेवावं लागायचं. शर्टाचं बटण लागेना, ऑक्सिमीटरवर आकडा येईना. मी बी12 च्या गोळ्या आणल्या, मलम आणलं, सगळे पैसे पाण्यात. नाक मोकळं करणारी सर्दीची गोळी घेतली तो आठवडा तर सगळ्यात वाईट, तीही रक्तवाहिन्या आकसवते हे नंतर कळलं.

आणि दर तपासणीला बीपी, नाडी बघितली, पण हात गार पडतात का हे एकदाही विचारलं नाही! याचा राग अजून आहे. फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनॉ यांनी 1862 मध्येच वर्णन केलेला त्रास हा, आणि बीटा ब्लॉकरने तो होऊ शकतो हे सगळ्यांना माहीत असलेलं. हृदय कमी जोराने रक्त ढकलतं, त्यात रक्तवाहिन्या सैल करणारा इशारा थोडाफार अडतो आणि आकसवणारा तसाच चालू राहतो.

इथे माझीही मोठी चूक झाली. चिडून गोळी एकदम बंद केली, तिसऱ्या दिवशी नाडी 120 आणि छाती भरून आली. हे कुणीही करू नका, अचानक थांबवलं की हृदय उसळतं, ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांना अटॅकसुद्धा येऊ शकतो.

डॉक्टरांनी मग नेबिवोलॉल 5 दिली. हीसुद्धा बीटा ब्लॉकरच, म्हणून मला विश्वास नव्हता, पण ही नायट्रिक ऑक्साइड वाढवून रक्तवाहिन्या सैल करते म्हणे. दोन महिने झाले, आता फक्त टोकं पांढरी पडतात, तीही आठवड्यातून एखाद्या वेळी, त्यामुळे सगळ्या बीटा ब्लॉकरना शिव्या घालणार होतो ते मागे घेतो. बाटली मात्र अजून हातमोजा घालूनच काढतो. पुढच्या वेळी अम्लोडिपिनचं विचारणार आहे, बीपीची ती गोळी रेनॉच्या या बोटांच्या त्रासासाठीही देतात.