आमदारांचे माहितीपत्रक: योजना स्पष्ट, निधी धूसर

आमच्या आमदारांनी घरोघरी वाटलेले निधी व योजनांचे माहितीपत्रक अपेक्षेपेक्षा उपयुक्त निघाले, विशेषतः संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पानामुळे. अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे आणि 2023 मध्ये अनुदान दरमहा 1,500 रुपये झाले, एवढे तर तिथे आहेच; शिवाय उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि रहिवासी दाखला कोणाकडून मिळवायचा हेही छापले आहे. शेजारच्या आजींचा अर्ज आम्ही तेच पान समोर ठेवून भरला.

स्थानिक विकास निधीची पाने मात्र निराशा करतात. महाराष्ट्रात आमदारांना या निधीतून वर्षाला 5 कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात, पण त्यांना प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात. त्यामुळे सुचवलेले, मंजूर झालेले आणि पूर्ण झालेले काम वेगवेगळे दाखवणे आवश्यक होते. येथे सगळे ‘विकासकामे’ या एकाच मथळ्याखाली आहे. आमच्या गल्लीतील गटारही त्यात दिमाखात झळकते, प्रत्यक्षात तिथे अजून खडीचा ढीगच पडलेला आहे. छायाचित्रे भरपूर आहेत, बहुतेक नारळ फोडतानाची.